कापसातली मुलगी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की समोरच्याला वाटतं, मी माझ्या हेडमास्तरांचं नाव घेणार. आमच्या घराण्यात इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिला आणि बी. ए. झालेलाही मीच पहिला. तेव्हा शाळेचे उपकार आहेतच, ते मी नाकारत नाही. पण एकच नाव घ्यायचं झालं तर मी गिरजाबाईंचं घेईन. गिरजाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. रिद्धपूरच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचा भाजीचा मळा आहे. त्यांना अक्षर येत नाही. आमच्याकडच्या चालीप्रमाणे मी त्यांना मामी म्हणतो आणि त्या मला जवाईबापू म्हणतात. माझी थोरली मुलगी आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. आणि त्यांच्या स्वतःच्या लेकीनं पाच वर्षं त्यांच्याशी धड बोलणं टाकलं होतं, ते माझ्यामुळे. दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यातल्या आहेत, म्हणून त्या मला वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की मला थकवा येतो. आता आम्ही अमरावतीला असतो. घरावरून कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाकडे जाणारा रस्ता आहे. पौषात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते, बैलांच्या तोंडाची वाफ दिसते, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहतात. लोकांना हा हंगाम आवडतो. हातात चार पैसे येतात, तुरीच्या शेंगा येतात, हुरडा येतो. मी मात्र शाळेतून येतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटतो. काही केलेलं नसतं. सोळा वर्षांपूर्वी जे झोपायचं राहिलं ते शरीर अजून मागत असावं.

तेव्हा आम्ही अकोल्याला होतो. जठारपेठेत दोन खोल्या आणि मागे लहानसं अंगण. मी एका हायस्कुलात नवा असिस्टंट मास्तर. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे घरात वडीलधारं बाईमाणूस नव्हतं. वत्सला, म्हणजे माझी पत्नी, पहिलटकरीण. संक्रांत झाली की तिला माहेरी पोचवायचं ठरलेलं. मूल होळीच्या सुमाराला व्हायचं होतं. संक्रांतीच्या आधीच एका सकाळी ती पाणी ओतता ओतता खाली बसली, आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली.

मी तिला पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं ते लिहायला मला अजून संकोच वाटतो. मला वाटलं, हे मूल नाही. वाण्याच्या तराजूत फडक्यासकट ती पावणेदोन शेर भरली. अंगावर बारीक लव होती, कानाची पाळी दुमडली की दुमडलेलीच राहत होती, आणि कातडीखाली शिरांचं जाळं दिसत होतं. ती रडली नाही. मांजराचं पिल्लू दाराआड अडकावं तसा एक आवाज तिनं केला आणि गप्प झाली.

शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बोटांवर महिने मोजू लागल्या. आमच्याकडे समज आहे की सातमाशी पोर जगते, आठमाशी जगत नाही. सातवा सरून आठवा लागला होता की नव्हता, यावर त्यांचं एकमत होईना. एक म्हणाली, पोळ्याला हिला तिसरा होता. दुसरी म्हणाली, चौथा होता, मी तिच्या हातानं वडे खाल्ले, मला आठवते. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण वत्सला आतून ते ऐकत होती आणि तीही बोटं मोजत होती.

दवाखान्यातल्या नर्सबाई टांग्यानं आल्या. उंच, रोडक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीला पाहिलं, हात धुतले, पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, दवाखान्यात आणू का. त्या म्हणाल्या, "आणा. तिथं मी एकटी आहे आणि सतरा खाटा आहेत. रात्री मी सतरा ठिकाणी असते. हिला खाट नको आहे मास्तर, हिला माणसं लागतील. तुमच्याकडे किती आहेत?"

मी म्हटलं, "दोघं."

"तिसरं बोलवा. दोघांनी होत नाही."

मी मामींना तार केली.

त्या तिसऱ्या दिवशी आल्या. बडनेऱ्याहून रेल्वेनं, स्टेशनापासून पायी, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात ज्वारीचं पीठ, तिखट, मीठ आणि एक तवा होता. लेकीला मूल होऊन त्याचं नाव ठेवलं जात नाही तोवर तिच्या सासरचं अन्न आईनं खायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. पाणीसुद्धा त्या शेजारच्या विहिरीवरून स्वतः ओढून आणत. अंगणात तीन दगड मांडून त्यांनी आपली वेगळी चूल केली. मी म्हटलं, मामी, ही काय वेळ आहे असलं पाळायची. त्यांनी दगडांत काटक्या सरकवल्या. त्या माझ्याशी सरळ बोलत नसत. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, भिंतीला किंवा लेकीला सांगितल्यासारखं बोलत.

मी तोवर माझ्या परीनं सगळं लावून ठेवलं होतं. आरोग्यशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. त्यावरून मी चहाचं लाकडी खोकं आणून त्यात नव्या हंगामाचा पिंजलेला कापूस भरला होता. पिंजाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला, लेकरासाठी आहे. खोक्याच्या दोन बाजूंना फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटा. खोक्यात थर्मामीटर. आणि एका वहीत मी रकाने आखले होते: वेळ, उष्णतामान, किती थेंब दूध, लघवी. शाळेच्या हजेरीपटासारखी ती वही दिसत होती. तिला हात लावायचा नाही, उचलायचं नाही, असं मी वत्सलाला बजावून ठेवलं होतं. पुस्तकात तसं होतं. आणि ती बिचारी खाटेवरून खोक्याकडे नुसती पाहत पडली होती.

मामींनी खोक्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात शेकले आणि मुलीला उचललं, आणि लुगड्याच्या आत, छातीशी, उघड्या अंगाला लावून धरलं. पाय पोटाशी दुमडले, हात हनुवटीखाली घेतले, वरून पदर आणि घोंगडी.

मी म्हटलं, "मामी, पुस्तकात..."

त्या भिंतीला म्हणाल्या, "वीट थंडी होते. मानूस होत नाही."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या तेव्हा मी तक्रारीच्या सुरात हे सांगितलं. त्यांनी मामींच्या पदरात हात घालून मुलीचे तळपाय चाचपले. म्हणाल्या, "गरम आहेत. काल गार होते. माझ्या पुस्तकातही हे नाही. पण चालू द्या." जाताना त्यांनी एक काचेची नळी दिली, मागे रबरी फुगा असलेली, आम्ही टाकात शाई भरायला वापरायचो तशी. आईचं दूध वाटीत काढायचं, नळी उकळून घ्यायची, थेंब थेंब गालाच्या आत सोडायचं. गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा थेंब नाही.

वत्सलाला त्या दिवसांत ताप भरला होता. मामी एकट्या किती धरणार. त्याच दिवशी दुपारी त्यांचा आवाज आला.

"वच्छे, त्याइले सांग, सदरा काढा म्हना."

"काहून?"

"लेकरू घ्याले. माह्या हाताले मुंग्या आल्या."

मी दारातच थबकलो. सुवेर होतं, दहा दिवस बापानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, मुलाला शिवायचं नाही. मी बी. ए. झालेलो, असल्या गोष्टींवर वर्गात भाषण करणारा, तीन दिवस त्याच खोलीत खोक्यापाशी वावरलेला, आणि ते सुवेर मीच पुढं केलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ती माझ्या हातात मरेल, अशी.

"मामी, सुवेर आहे."

"सुवेर मानसाइचं असते," त्या भिंतीला म्हणाल्या. "हे अजून मानूस झालं नाही. झालं मंग पाळू."

वत्सला तापातही हसली. "काढा ना सदरा. मायनं तिकडं तोंड केलं हाये."

मामींनी खरंच तोंड फिरवलं होतं. पाठमोऱ्याच राहून, एक हात मागं करून त्यांनी मुलगी वत्सलाकडे दिली आणि तिनं माझ्या छातीवर ठेवली. तिचं वजन जाणवलंच नाही. ऊब तेवढी जाणवली. ती मधेच श्वास घ्यायची विसरत असे. तळपाय बोटानं चोळला की एक झटका द्यायची आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा. माझ्या छातीवर असताना ती कमी विसरते, हे मला त्याच दिवशी कळलं. का, ते अजूनही ठाऊक नाही. कदाचित माझा श्वास ऐकून तिला आठवण होत असेल.

मग दिवसरात्रीच्या पाळ्या झाल्या. शाळेच्या तासांसारख्या. वत्सलाचा ताप उतरला तशी तीही पाळीत आली. खिडकीला मामींनी पोतं टांगलं. "तिची रात सरली नाही अजून. उजेड कायले दाखवता." भांडं आपटलं की त्या रागावत. दाराशी कोणी मोठ्यानं बोललं की बाहेर जाऊन त्याला वेशीपर्यंत पोचवल्यासारखं घालवून येत. महिने मोजणाऱ्या बायकांना त्यांनी एकदा सांगितलं, "मोजाचं असन तं आपल्या घरचं मोजा बाई." पण आम्ही मात्र तिच्याशी बोलायचं, हळू आवाजात, असा त्यांचा हट्ट होता. मला अंगाई येत नव्हती. मी पाढे म्हणायचो. पावकी, निमकी, पाऊणकी. वत्सला म्हणायची, पोरगी हिशोबात पक्की होईल. ती भविष्यवाणी साफ खोटी ठरली. परवाच्या चाचणीत तिला गणितात मिळालेले गुण मी इथं लिहिणार नाही.

वांग्याचं रोप वाफ्यातून काढून लावलं की दोन दिवस मान टाकतं, मामी सांगायच्या. त्याला सावली करायची, पाणी ओंजळीनं घालायचं, उपटून मूळ पाहायचं नाही. आणि त्याला सोडून गावालाही जायचं नाही. त्या हे वत्सलाला सांगत, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

एवढं सगळं चांगलं सांगून झालं. आता राहिलेलं सांगायला हवं.

पंधरावा दिवस असेल, शाळेला सुट्टी होती. मुलगी गिळायला शिकली होती, माझं बोट पकडायला शिकली होती. आम्ही तिघंही इतके थकलो होतो की वाक्यं अर्धी राहत. शाळेत सहामाहीच्या उत्तरपत्रिका मागे पडल्या होत्या आणि त्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. दुपारी माझी पाळी. वत्सलाला आत झोप लागली होती. मामी अंगणात आपली भाकर थापत होत्या. त्या दिवशी त्यांना दोन वाजेपर्यंत खायला मिळालं नव्हतं. मुलीला छातीवर धरून लाल शाईनं लिहिता येत नव्हतं. मी विचार केला, तासभर खोक्यात ठेवू. खोकं कोपऱ्यात पडलंच होतं. मामी विहिरीवर पाणी ओढायला गेल्या तेवढ्यात मी त्यांच्या चुलीमागची वीट उचलली. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, निखाऱ्यात ती किती वेळ होती, ते पाहिलं नाही. धोतराचं एकच फडकं तिच्यावर गुंडाळलं. थर्मामीटर खोक्यात ठेवला, मुलीच्या डोक्याकडे. विटेकडे पाय होते. आणि उत्तरपत्रिका घेऊन बसलो.

दोन तपासल्या. तिसरीवर मला झोप लागली.

ती रडली की नाही, मला माहीत नाही. तिच्या अंगात रडण्याइतकं बळ नव्हतं. मला जाग आली ती मामींच्या पावलांनी. त्यांचे हात पिठाचे होते. त्यांनी मुलगी उचलली तेव्हा कापसाला जळका वास येत होता, आणि डाव्या टाचेवर पैशाएवढा फोड वर आला होता. मामींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, पदराआडून नाही. मग वत्सला उठून आली.

"काय झालं?"

माझ्या हातात अजून लाल टाक होता. मी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं.

"वीट लागली," मामी म्हणाल्या. "माह्याच हातून. मी ठेवली अन् भाकर टाकाले गेली."

 वत्सलानं मुलगी घेतली, टाच पाहिली. मग अगदी हळू म्हणाली, कारण त्या खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही हे आम्हाला लागून गेलं होतं, "तुले तुही भाकर माह्या पोरीपरीस मोठी झाली."

मामी म्हणाल्या, "झाली खरी." आणि हात धुवायला गेल्या.

मी त्यांच्यामागं अंगणात गेलो. तव्यावर भाकर काळी झाली होती. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगतो. त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती आणि त्या चुलीतल्या पऱ्हाट्या ओढून विझवत होत्या.

"नोका सांगू."

"का पण मामी?"

"ते तुमच्या हाती लेकरू देनं बंद करन. मंग आमी दोघीच उरतो. दोघीनं नाई होत, नर्सबाईनं सांगतलं नाई का." मग राख सारत, "माह्याशी तिचं भांडन जलमाचं हाये. ते सरते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. वत्सलानं मला मुलगी देणं बंद केलं असतं. मी पुढचे पंचवीस दिवस माझी पाळी केली, एकदाही डोळा न मिटता. पण ते खरं असण्याचा मी किती फायदा घेतला, हेही मला माहीत आहे. दोन दिवसांनी सांगता आलं असतं. मुलगी दूध ओढायला लागली त्या दिवशी सांगता आलं असतं. नर्सबाई फोडावर पट्टी बांधताना म्हणाल्या, "आजी, इतकं सांभाळलंत आणि हे कसं झालं?" तेव्हा मी शेजारी पाण्याचं भांडं धरून उभा होतो.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. मामींना नाव धोंडी ठेवायचं होतं, दगडासारखी टिकावी म्हणून. मला सुशीला हवं होतं. शाळेच्या पटावर सुशीला आहे, मामींच्या तोंडी अजून धोंडीच. त्या दिवशी मामी पहिल्यांदा आमच्या घरचं जेवल्या. पुरणाची पोळी होती, तूप होतं. वत्सलानं वाढलं सगळं नीट, कमी काही पडू दिलं नाही. पण आग्रह केला नाही. आमच्याकडे बाराखडी येण्याआधी मुलीला आग्रह करता येतो. मामी दोन पोळ्या खाऊन उठल्या आणि दुसऱ्या दिवशी मळ्याकडे परत गेल्या. जाताना मला, म्हणजे दाराच्या चौकटीला, एवढंच म्हणाल्या, "हिचं वय होळीपासून धरा. तवाच याची होती ते. बसाले, चालाले उशीर होईन. भिऊ नोका."

उशीर झालाच. वर्षाची झाली तरी ती उभी राहत नव्हती. शेजारणी पुन्हा दारात येऊन पाहू लागल्या. मी म्हटलं, मामींनी सांगितलं आहे, होळीपासून मोजायचं. वत्सला म्हणाली, "तिनं सांगतलेलं नोको मले." आणि तरी मी पाहिलं, ती होळीपासूनच मोजत होती. मी शाळेतून आलो की ती मुलीचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसलेली असे, आणि डाव्या टाचेपाशी तिचा अंगठा थांबे. ती काही बोलत नसे. बोलली असती तर बरं झालं असतं.

माहेरी ती दिवाळीला जाई, दोन दिवस राहून परत येई. मामी रिद्धपूरच्या यात्रेहून येणाऱ्या कोणाच्या हाती वांगी, मेथी, गाजरं पाठवत. ती भाजी आमच्या घरात शिजे आणि तिच्याबद्दल कोणी काही म्हणत नसे. पाच वर्षांत मी हे किती वेळा सांगायला निघालो याची मोजदाद नाही. शाळेत मुलांना सत्य बोलण्यावर निबंध लिहायला देताना माझी चाल जरा जलद होत असे. एखादी गोष्ट लपवायला काही कष्ट पडत नाहीत असं लोकांना वाटतं. मला तर वाटतं, त्या सव्वा महिन्याच्या जागरणापेक्षा त्या पाच वर्षांनी मला जास्त थकवलं.

मग पुन्हा तो हंगाम आला. वत्सलाला पुन्हा दिवस गेले होते आणि पौषात तिला सातवा लागत होता. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या तशी ती घाबरी झाली. पाण्याची बादली उचलेना, जिना चढेना, रात्रीतून उठून बसे. मी म्हटलं, मामींना बोलावून घेऊ. ती म्हणाली, "नर्सबाई पुरे हाये. माय नोको. तिले भाकर थापाची असते."

त्या दिवशी ती अंगणात उन्हाला बसून दुलईसाठी कापूस उलगडत होती. सुशीला शेजारी सरक्या गोळा करत होती. मी सुशीलाला आत पाठवलं आणि उभ्यानंच सांगितलं. वीट कोणी उचलली, किती फडकी गुंडाळली, कितव्या उत्तरपत्रिकेवर झोप लागली. मामी अंगणात काय म्हणाल्या तेही सांगितलं. मी समजत होतो, ती रडेल किंवा ओरडेल. तिचे हात कापसात चालत राहिले. एक सरकी निघत नव्हती, ती तिनं नखानं काढली.

"अन् मी माह्या मायले भाकरीवरून बोलली," ती म्हणाली.

तिनं दुसरा पुंजका हातात घेतला.

"दिवसभर उपाशी होती ते. मले माहीत होतं, ते उपाशी होती." मग सरकी बाजूला टाकत, "तुमी तिथंच उभे होते."

"हो."

तिनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. मला ते न्याय्य वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दौत-टाक माझ्यापुढं आणून ठेवला. म्हणाली, पत्र लिहा. मी लिहिलं आणि तिला वाचायला दिलं. ती मराठी तिसरी शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून वाचते. वाचून झाल्यावर तिनं माझ्या हातातून टाक घेतला आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

शाळामास्तराच्या सवयीनं मी पत्राची नक्कल ठेवली होती. सध्या लढाईमुळे घासलेट मिळत नाही, म्हणून दिवसाउजेडी बसून ती इथं उतरवतो आहे.

"तीर्थरूप मामी यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

विशेष. हे पत्र शाळेचे गुरुजी आपल्याला वाचून दाखवतील. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ते मोठ्यानं वाचावं आणि त्या वेळी घरचे व शेजारचे जे कोणी असतील त्यांना उठवू नये. पाच वर्षांपूर्वी अकोल्यास चि. सुशीलाच्या टाचेला वीट लागून भाजलं. ती वीट आपण ठेवली असं आपण सांगितलंत व सर्वांनी ते खरं मानलं. ती वीट आपण ठेवलेली नव्हती. ती मी ठेवली. मुलगी माझ्या ताब्यात होती, तिला अंगाशी धरणं हे त्या वेळी माझं काम होतं, आणि मी शाळेचं काम पुढं करून ते टाळलं व नंतर झोपी गेलो. आपण माझा दोष आपल्यावर घेतलात तो मुलीसाठी. मी तो पाच वर्षं आपल्यावर राहू दिला तो माझ्यासाठी. त्या काळात आपली लेक आपल्याशी जशी वागली त्यात तिचा दोष नाही. तिला खरं ठाऊक नव्हतं. परवा मी तिला सांगितलं आहे.

मी आपल्याकडे क्षमा मागतो, पण ती द्यावी असा आग्रह करत नाही. मला लिहिता-वाचता येतं हे मी आजवर मोठं समजत आलो. मूल कसं धरायचं ते आपण मला भिंतीकडे तोंड करून शिकवलंत. तेवढं मला नीट येतं.

चि. सुशीला खुशाल आहे. धावते. अंकगणित कच्चं आहे.

आपला,
जावई

माय, हे मी लिहून राहिली, वच्छी. मी बोलली ते वाईट बोलली. मले सातवा लागला. लय भेव वाटते. ये."